झटका ओसरला, मग हें उरलें काय?

(आपल्या ख्रिस्तमंदिराच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत भरलेल्या आरोग्यसभेंत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस ह्या सभेंत बोलावयास सांगितलें, तेव्हां आम्ही शाळेच्या जुन्या आठवणी सांगूं असा समितीचा अंदाज होता. छत्तीस वर्षें हातांत खडू धरलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करणार? परंतु आठवणी सांगणारे येथें पुष्कळ आहेत. आम्हीं समितीस विनंति केली कीं, आम्हांस आमच्या एका दुखण्याची हकीकत सांगूं द्यावी. आम्ही डॉक्टर नव्हे. दुखणें मात्र आमचें स्वतःचें आहे. शिवाय गेल्या वर्षभरांत ह्याच धर्मग्रामांतील तीन घरांतून माणसें येऊन हलक्या आवाजांत एकच प्रश्न विचारून गेलीं: "मास्तर, झटका तर गेला म्हणतात, मग हें अजून असें कां होतें?" त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमचे सात महिने गेले. तुमचे जाऊं नयेत, एवढ्याकरितां हा खटाटोप.

२०२२ सालचा झावळ्यांचा रविवार, एप्रिलची १० तारीख. सकाळच्या मिस्साला संत पौलाचें फिलिप्पैकरांस पत्र वाचण्याची पाळी आमची होती. वाचन लहान, आणि आम्हीं तें पूर्वीं कितीतरी वेळां केलेलें. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळींतील शब्द डोळ्यांस दिसत होता, त्याचा अर्थहि कळत होता, पण तोंडांतून निघाला तो भलताच. पुन्हां यत्न केला, पुन्हां भलताच. उजवा हात पुस्तकावर होता. आपण पान धरलें आहे कीं सोडलें आहे, हें त्या हातास कळेना. मंडळीस वाटलें, मास्तरांस गहिंवर आला. वास्तविक आम्ही गहिंवरलों नव्हतों, घाबरलों होतों. एका तरुणानें येऊन आम्हांस बांकावर बसविलें व वाचन पुरें केलें. कोणीं कांदा हुंगावयास दिला, कोणीं साखरेचें पाणी पाजलें. (अशा वेळीं गिळण्याची शक्तिहि गेलेली असूं शकते, म्हणून तोंडांत कांहीं घालूं नये, हें आम्हांस मागाहून समजलें.) ख्रिस्तप्रसाद वांटला जाईपर्यंत वाचा परत आली, हात परत आला, आणि आम्ही झावळी घेऊन पायीं घरीं गेलों.

आपल्याकडे ह्यास 'अंगावरून वारें जाऊन आलें' असें म्हणतात. आलें तसें गेलें, म्हणजे प्रकरण संपलें. आमच्या कुटुंबानें मात्र त्याच क्षणीं इस्पितळांत चला म्हणून धरणें धरलें. आम्हीं म्हटलें, जेवण तर होऊं द्या. जेवणानंतर झोप झाली. सोमवारीं बरें वाटत होतें. मंगळवारीं संध्याकाळीं एका दवाखान्यांत गेलों. तेथील डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, उपवासाचा अशक्तपणा आहे असें म्हटलें व जीवनसत्त्वाची सुई टोंचली. बुधवारीं आमची पुतणी घरीं आली. ती परिचारिका आहे. तिनें आमचें कांहीं एक न ऐकतां आम्हांस मोठ्या रुग्णालयांत नेलें.

तेथें जें समजलें तें असें. मेंदूस रक्त पुरविणाऱ्या एखाद्या धमनींत रक्ताची बारीक गुठळी अडकते आणि मेंदूचा तेवढा भाग उपाशी पडतो. मग ती गुठळी आपोआप विरघळते किंवा फुटून पुढें सरकते, व काम पूर्ववत् सुरू होतें. डॉक्टर ह्यास 'ट्रान्झियंट इस्किमिक अटॅक', म्हणजे क्षणिक रक्ततुटवड्याचा झटका, असें म्हणतात. लोक 'मिनी स्ट्रोक' म्हणतात. बहुतेक झटके तासाभराच्या आंत ओसरतात. पण खरा धोका ओसरल्यानंतरचा आहे. मागोमाग मोठा पक्षाघात यावयाचा असला, तर पहिल्या दोन दिवसांत त्याचा संभव सर्वांत अधिक. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें झालेला एक अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. अशा रोग्यांस तांतडीनें तपासून लागलीच औषध सुरू केलें, तेव्हां नव्वद दिवसांत पुन्हां पक्षाघात होण्याचें प्रमाण शेंकडा १० वरून शेंकडा २ वर आलें, असें त्यांत दिसलें. आम्हीं ते मोलाचे दोन दिवस जेवणांत, झोपेंत व जीवनसत्त्वांत घालविले. वांचलों ही देवाची कृपा. तीवर आमचा कांहीं हक्क नव्हता.

रुग्णालयांत सीटी स्कॅन झाला, स्वच्छ. ईसीजी झाला, स्वच्छ. मानेंतील धमन्या पाहिल्या, त्याहि समाधानकारक. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची एक गोळी व रक्तदाबासाठीं मेटोप्रोलॉल, एवढें देऊन आम्हांस निरोप मिळाला: "कांहीं नाहीं. झटका गेला. आतां विसरून जा."

विसरावयास आम्ही तयार होतों. दुखणें आम्हांस विसरेना. सकाळीं दहा वाजतां वर्तमानपत्र हातांत घेतलें कीं मान खालीं जाई. वाडींत केळीस पाणी लावून आलों कीं सगळी दुपार खाटेवर. उजव्या हाताचा अंगठा व त्याच्या शेजारचें बोट जाड कापड गुंडाळल्यासारखें बधिर. शर्टाची गुंडी लावावयास आरसा लागे. आणि शब्द! 'विळा' म्हणावयाचें असतां 'खिळा' निघे, नातवास हांक मारावयाची तर त्याच्या बापाचें नांव तोंडांत येई. जन्मभर ज्यानें मुलांचे उच्चार सुधारले त्याच्या जिभेची ही गत! मिस्साच्या वाचनाची पाळी आली कीं आम्ही कांहीं तरी निमित्त सांगूं लागलों. रात्रीं चादर ओढून घेतली कीं उजव्या हाताची बोटें हालवून पाहावयाचीं, थोडा डोळा लागला कीं दचकून पुन्हां पाहावयाचीं. हें कोणास सांगावें?

सांगितलें तेव्हां कोणीं म्हटलें, वय झालें. कोणीं म्हटलें, मनाचे खेळ आहेत. पुन्हां त्याच रुग्णालयांत गेलों, तेथें जुने कागद पाहून तेंच उत्तर मिळालें: कांहीं नाहीं. आतां विचार करतां वाटतें कीं, 'कांहीं नाहीं' ह्या दोन शब्दांत दोन वेगळे अर्थ दडलेले असतात. एक, यंत्रास कांहीं दिसलें नाहीं. दुसरा, रोग्यास कांहीं झालें नाहीं. बोलणाराच्या मनांत बहुधा पहिला अर्थ असतो, ऐकणारा दुसरा घेऊन घरीं जातो.

क्षणिक झटक्यानंतरचा थकवा हा मनाचा खेळ नव्हे, ह्यास आतां चांगला पुरावा आहे. डेन्मार्क देशांत ऑलबोर्ग येथील डॉक्टरांनीं असा झटका आलेल्या ३५४ रोग्यांचा पाठपुरावा केला. तो अभ्यास २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांनंतर शेंकडा ६१ जणांस थकवा होता, आणि वर्ष उलटल्यावरहि शेंकडा ५४ जणांस तो होताच. मेंदूच्या चित्रांत ताजी इजा दिसली असो वा नसो, थकव्यांत त्यामुळें फरक पडलेला दिसला नाहीं. ही माहिती २०२२ सालीं आम्हांस मिळती, तर निदान स्वतःस आळशी म्हणण्याचे तरी थांबलों असतों.

डेन्मार्कचें नांव निघालें म्हणून सांगतों. त्याच देशाचे धन्यवादित निकोलस स्टेनो हे पुढें बिशप झाले व १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें, हें आपणांपैकीं कांहींजणांस ठाऊक असेल. ते मूळचे शरीरशास्त्रज्ञ. हृदय हा एक स्नायु आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. १६६५ सालीं पॅरिस येथें विद्वानांसमोर मेंदूविषयीं व्याख्यान देतांना त्यांनीं आरंभींच कबूल केलें कीं, मेंदूविषयीं आपणांस कांहींच ठाऊक नाहीं. त्या वेळीं इतर पंडित मेंदूचीं मोठमोठीं वर्णनें छापीत होते. 'कांहीं नाहीं' आणि 'मला ठाऊक नाहीं' ह्यांत फार अंतर आहे. पहिल्यानें तपास बंद होतो, दुसऱ्यानें सुरू होतो. आमचा तपास असाच सुरू झाला.

सप्टेंबर महिन्यांत एका नातलगाच्या आग्रहावरून आम्ही उभयतां मुंबईस एका वडीलधाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं कागदांचें पुडकें बाजूस ठेविलें व विचारलें, "सकाळीं उठल्यापासून रात्रीं झोपेपर्यंत तुमचा दिवस कसा जातो?" आम्हीं सांगितलें. "मला कारण ठाऊक नाहीं," त्या म्हणाल्या, "पण शोधूं." मग त्यांनीं तीन आठवडे एक वही ठेवावयास सांगितली. काय झालें, किती वाजतां झालें, किती वेळ टिकलें, त्याआधीं काय खाल्लें, कोणती गोळी घेतली, नाडीचे ठोके किती. एवढें होऊन त्या आमच्या कुटुंबाकडे वळल्या: "हे रात्रीं घोरतात का?"

बंधुभगिनींनो, चाळीस वर्षें सांठविलेली फिर्याद त्या दिवशीं प्रथम न्यायालयांत दाखल झाली. "नुसते घोरत नाहींत. घोरतां घोरतां एकदम गप्प होतात. मी जागी राहून मोजतें. वीस-पंचवीस आंकडे होतात, मग दचकून श्वास घेतात." डॉक्टरीणबाईंनीं हें सर्व लिहून घेतलें. आमच्या कोणत्याहि स्कॅनपेक्षां ती साक्ष अधिक उपयोगी पडली.

वहींतून असें निघालें कीं, ज्यास आम्ही एक दुखणें समजत होतों तीं निरनिराळीं दुखणीं होतीं; एकाच रविवारीं ध्यानांत आल्यामुळें आम्हीं त्यांस एकच नांव देऊन टाकलें होतें.

अंगठ्याचा बधिरपणा व शब्दांचा घोटाळा हीं दोन रोज सारखींच होतीं. गोळीनें, झोपेनें, जेवणानें त्यांत फरक पडत नव्हता. म्हणून एमआरआय केला. मेंदूच्या डाव्या बाजूस वाटाण्याहून लहान असा जुना व्रण दिसला. म्हणजे आमचा झटका क्षणिक नव्हताच. तो लहानसा पण खरा पक्षाघात होता. ताजी बारीक इजा सीटी स्कॅनांत पुष्कळदां दिसत नाहीं. चोवीस तासांत लक्षणें गेलीं म्हणजे क्षणिक झटका, अशी पूर्वीं व्याख्या होती. २००९ सालीं अमेरिकन तज्ज्ञांनीं ती बदलून, मेंदूचा भाग मेला कीं नाहीं ह्यावर ठेविली. ज्यांचीं लक्षणें पूर्णपणें ओसरलीं अशांपैकींहि सुमारें एकतृतीयांश लोकांस वेळेवर केलेल्या एमआरआयमध्यें ताजी इजा आढळते. व्रणाचें चित्र पाहून आम्हांस वाईट वाटावयास हवें होतें. खरें सांगावयाचें तर हायसें वाटलें. जिभेचा दोष आमच्या आळसाचा नव्हता. त्यानंतर बोलण्याचे व बोटांचे व्यायाम सुरू झाले. पहिलीच्या मुलांप्रमाणें आम्ही चित्रें पाहून नांवें सांगत बसलेलों पाहून नातू फार खूष झाला.

दिवसाची झोंप व डोक्याची चक्कर ह्यांची गोष्ट वेगळी. चक्कर सकाळच्या गोळीनंतर दोन तासांनीं येई, आणि त्या वेळीं नाडीचे ठोके मिनिटास ४८ भरत. मेटोप्रोलॉलनें नाडी मंदावते व कित्येकांस थकवा येतो. डॉक्टरीणबाईंनीं औषध बदललें. त्यांनीं बदललें, आम्हीं आपल्या मनानें बंद केलें नाहीं. अशी गोळी एकदम सोडणें धोक्याचें असतें. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, सोडियम ह्यांचीहि तपासणी झाली. ह्यांतील कशाचीहि उणीव थकवा आणूं शकते. आमच्यांत तेथें कांहीं सांपडलें नाहीं. मग झोपेची तपासणी झाली, आणि आमच्या कुटुंबाची फिर्याद खरी ठरली: झोपेंत आमचा श्वास तासांत अनेक वेळां अडत होता. पक्षाघात वा क्षणिक झटका आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांत हा दोष आढळतो, तरी त्याविषयीं विचारणारे थोडेच. आतां रात्रीं नाकावर हवेचा मुखवटा लावून झोंपतों. पहिल्या रात्रीं नातू भिऊन पळाला. दहाव्या दिवशीं आम्ही वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलें.

हें झालें उरलेल्या लक्षणांचें. परंतु मूळ झटका आला कशानें? वहींत दोन ठिकाणीं आम्हीं लिहिलें होतें: 'रात्रीं छातींत जाळ्यांतल्या मासळीसारखें तडफडलें, थोड्या वेळानें थांबलें.' तो पोटांतला वात, असें समजून हें आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें. डॉक्टरीणबाईंचें बोट त्या ओळीवर थांबलें. त्यांनीं छातीस चिकटवून ठेवण्याचें एक लहान यंत्र चौदा दिवसांकरितां दिलें. अकराव्या रात्रीं तें बोललें. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालांत आकुंचन पावण्याऐवजीं चार तास नुसते थरथरत होते. ह्यास 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. अशा वेळीं तेथें रक्त सांचतें, त्याची गुठळी होते, व ती सुटली कीं मेंदूकडे जाऊं शकते. ज्यास ही फडफड आहे त्यास पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारें पांचपट असतो. तिची लबाडी ही कीं ती येते आणि जाते. ईसीजीचा कागद दहा-एक सेकंदांचा. कानडांत, म्हणजे कॅनडा देशांत, ५५ वर्षांवरील ज्या रोग्यांच्या झटक्याचें कारण सांपडलें नव्हतें अशांवर केलेला एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. चोवीस तासांच्या नोंदीत शेंकडा ३ जणांत ही फडफड सांपडली, तीस दिवसांच्या नोंदींत शेंकडा १६ जणांत.

ह्या शोधानें औषधच बदललें. ह्या फडफडीमुळें होणारे पक्षाघात ॲस्पिरिनसारख्या औषधांनीं जेमतेम पांचव्या हिश्श्यानें कमी होतात. वॉरफरिनसारख्या, रक्त गोठूं न देणाऱ्या औषधांनीं दोनतृतीयांशांनीं. सात महिने आम्ही रोज नेमानें, देवाचें नांव घेऊन, अपुरें औषध घेत होतों. झोपेंत श्वास अडणें व हृदयाची ही फडफड ह्यांचें सख्य असतें, हेंहि तेव्हां कळलें.

रोग्याच्या अशा एखाद्या क्षुल्लक वाक्यावरून कारण सांपडल्याचें वैद्यकाच्या इतिहासांत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मिलर फिशर नांवाच्या कॅनेडियन डॉक्टरांस एका अर्धांगवायूच्या रोग्यानें सांगितलें कीं, झटक्यापूर्वीं आपला एक डोळा अधूनमधून आंधळा होत असे, आणि गंमत ही कीं, तो भलत्याच बाजूचा डोळा होता. जो हात-पाय गेला त्याच्या विरुद्ध बाजूचा. दुसऱ्या कोणीं तें हंसून सोडलें असतें. फिशर यांनीं विचार केला कीं, तो डोळा व मेंदूचा तो भाग ह्या दोहोंस रक्त देणारी धमनी मानेंत एकच आहे. तेव्हां दोष मानेंत असला पाहिजे. त्यांचा निबंध १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. १९५४ सालच्या मे महिन्यांत लंडनमध्यें, जिला असे ३३ झटके येऊन गेले होते अशा एका ६६ वर्षांच्या बाईच्या मानेंतील धमनीचा अरुंद झालेला भाग काढून टाकण्यांत आला, आणि तिचे झटके थांबले. तेहतीस वेळां ओसरलेलें दुखणें! आमच्या गांवीं तिला तेहतीस वेळां कांदा हुंगविला असता.

राहिली भीति. ती कोणत्याहि यंत्रांत दिसली नाहीं. फादरांनीं घरीं येऊन आम्हांस रोग्यांच्या तैलाभ्यंगाचा साक्रामेंत दिला, त्या रात्रीं आम्ही प्रथमच शांत झोंपलों. परंतु चार दिवसांनीं बोटें हालवून पाहणें पुन्हां सुरू. फादरांस हें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, प्रार्थना मी करतों, पण हें जसें मला सांगितलें तसेंच डॉक्टरांस सांगा." आम्हांस लाज वाटत होती. पुरुष माणसानें अंधारास भितों म्हणून कसें सांगावें? सांगितलें. झटक्यानंतर उदासी व धास्ती येणें इतकें सामान्य आहे कीं, डॉक्टरीणबाईंस त्यांत मुळींच नवल वाटलें नाहीं. त्यांनीं ज्यांच्याकडे पाठविलें त्यांच्यापाशीं आठ-दहा वेळां बसून बोललों, आणि हळूहळू हाताकडे पाहण्याची संवय सुटली.

सर्वांचीं कारणें आमच्यासारखींच असतील असें समजूं नये. कोणाचा झटका हा मुळांत झटकाच नसतो. अर्धशिशी, फेफऱ्याचा सौम्य प्रकार किंवा रक्तांतील साखर उतरणें ह्यांचेंहि सोंग तसेंच असतें. कोणाच्या मानेंतील धमनी अरुंद असते, कोणास लहानपणच्या सांधेज्वरानें हृदयाची झडप बिघडलेली असते. पुष्कळांचें कारण कितीहि शोधलें तरी सांपडत नाहीं, आणि त्यांनीं रक्तदाब, साखर, तंबाखू ह्यांकडे लक्ष देऊन राहावें लागतें. आम्हांस मिठाचीहि बंदी आहे. सुक्या बोंबलाची चटणी सुटली, ह्याचें दुःख आम्ही येथें विस्तारानें सांगत नाहीं. घरीं ऐकणारे कंटाळले आहेत.

एक गोष्ट मात्र वहीची नव्हे. तोंड एका बाजूस वांकडें झालें, हात वर धरतां येईना, बोलणें अडखळलें, एका डोळ्यापुढें अंधेरी आली, असें नव्यानें झालें तर लिहीत बसूं नये, जेवणाची वाट पाहूं नये, घरांतली ॲस्पिरिनहि देऊं नये, कारण कधींकधीं झटका गुठळीनें नसून रक्तस्रावानें असतो. १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा व केव्हां सुरू झालें ती वेळ सांगावी. ओसरलें तरी जावें. ज्यांचें जुनें लक्षण रेंगाळत आहे त्यांनीं वही घालावी, सर्व गोळ्या पिशवींत घालून न्याव्या, आणि जो माणूस रात्रीं शेजारीं झोंपतो त्यासहि बरोबर न्यावें.

२०२३ च्या झावळ्यांच्या रविवारीं वाचनास आम्ही नाहीं म्हटलें. २०२४ सालीं उभे राहिलों. बोट ओळीखालीं धरून वाचलें. तिसऱ्या ओळीपाशीं क्षणभर थांबलों, मंडळीस पुन्हां गहिंवर वाटला असेल तर वाटो. शब्द आला, तो बरोबर आला. अंगठा अजून बधिरच आहे. पान उलटण्याचें काम आतां डाव्या हाताकडे दिलें आहे.

सभा संपल्यावर सिस्टर्स दाराजवळच्या टेबलापाशीं बसणार आहेत. पन्नाशी उलटलेल्यांनीं चहा घेण्यापूर्वीं तेथें नाडी व रक्तदाब पाहून घ्यावा. नाडीचा ताल चुकत असेल तर सिस्टर्स चिठ्ठी देतील. आमचें कुटुंब शेवटच्या बांकावर बसलें आहे. ज्यांच्या घरीं कोणी घोरतां घोरतां गप्प होतें, त्यांनीं तिकडे जावें. मोजावयाचें कसें तें सांगतील.